‘तपती’ हे नाव आणि अर्थाची जबाबदारी

मुलीचे नाव काय ठेवावे हा घरातला प्रश्न आहे आणि तो घरातच सुटावा, याबद्दल माझा कोणाशी वाद नाही. परंतु त्या नावाचा म्हणून जो अर्थ बारशाच्या पत्रिकेवर छापला जातो, पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगितला जातो आणि पुढे ती मुलगी जन्मभर इतरांना सांगत राहते, तो खरा की खोटा हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज ‘वेगळे’, ‘वर्गात दुसऱ्या कोणाचे नसलेले’ आणि तरीही ‘संस्कृत’ नाव शोधण्याची धडपड घरोघरी दिसते. या धडपडीमागे आपल्या लेकराला काहीतरी मोलाचे द्यावे ही इच्छा असते, म्हणून तिला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र हा शोध बहुधा मोबाईलवरच्या एखाद्या यादीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्या यादीत नावापुढे एका ओळीत अर्थ दिलेला असतो. तो कोणत्या ग्रंथातून आला, कोणी दिला, कशावरून दिला, याचा पत्ता नसतो. माझे म्हणणे असे की नाव दुर्मिळ आहे एवढ्याने ते मोलाचे ठरत नाही. ते कोठून आले हे आपल्याला दाखवता आले पाहिजे. या कसोटीला पुरेपूर उतरणारे एक नाव खानदेशाच्या मधोमध वाहणाऱ्या नदीने शेकडो वर्षे सांभाळले आहे. ते नाव तपती.

त्या नावाकडे वळण्यापूर्वी खोटे अर्थ जन्माला कसे येतात हे पाहिले पाहिजे, कारण त्याचे मूळ आपल्याच एका आग्रहात आहे. पंचांगात सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर नेमलेले असते. म्हणजे एकूण १०८ अक्षरे. मूल ज्या चरणावर जन्मले त्या अक्षराने नाव सुरू झाले पाहिजे, असा आग्रह अलीकडे फार घट्ट झाला आहे. पण या अक्षरांत आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’, हस्ताच्या एका चरणाला ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला ‘ञ’ आहे, आणि या अक्षरांनी सुरू होणारे नाव शोधून सापडत नाही. ज्या अक्षरांना नावे आहेत तीही थोडी असतात आणि ती ‘जुनी’ वाटतात. मग मागणी असेल तसा पुरवठा होतो. अक्षर आधी ठरते, त्याला कानाला गोड लागणारी दोन-तीन अक्षरे जोडली जातात आणि शेवटी त्यावर ‘सूर्याचे पहिले किरण’, ‘विष्णूचा अंश’ किंवा ‘देवीचे एक नाव’ असा अर्थ चिकटवला जातो. सूर्य, विष्णू आणि देवी या तिघांच्या नावावर आज जेवढे शब्द खपवले जातात, तेवढे सहस्रनामांतही सापडणार नाहीत.

वास्तविक या आग्रहाला परंपरेचा आधारही पुरेसा नाही. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत नामकरणाच्या वेळी देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितलेली आहेत. नक्षत्राच्या अक्षरावरून येते ते नाक्षत्रनाम. हाक मारायचे ते व्यावहारिक नाम, आणि ते वेगळे असू शकते, किंबहुना ते वेगळे असते हेच त्या व्यवस्थेत गृहीत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पत्रिकांवर ‘जन्मनाव’ एक आणि दाखल्यावरचे नाव दुसरे असे सर्रास आढळते ते यामुळेच. तेव्हा ज्यांना परंपरा पाळायची आहे त्यांनीसुद्धा अक्षराच्या बेडीतून व्यवहारातले नाव मोकळे करायला हरकत नाही. गावोगावच्या गुरुजींनी हे बारशाच्या आधी यजमानांना समजावून सांगितले, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटेल.

उरलेला अर्धा प्रश्न अर्थांच्या खरेपणाचा. ‘मायरा’ हे इंग्रजी कवितेतून रूढ झालेले नाव संस्कृत म्हणून सांगितले जाते. ‘कियारा’ हे इटालियन नाव, ज्याचा मूळ अर्थ उजळ असा आहे, तेही कधी संस्कृत म्हणून यादीत येते. ‘रेयांश’ या नावातला ‘अंश’ आपला आहे, पण ‘रेय’ म्हणजे किरण असा संस्कृत शब्द नाही. ही नावे ठेवणाऱ्यांना माझा दोष नाही. आवडलेले परभाषेतले नाव ठेवावे, स्वतः जुळवलेलेही ठेवावे. मराठीने फारसीतून, अरबीतून, पोर्तुगीजांकडून शब्द घेतले तसेच हे. मात्र इटालियन नावाला इटालियन म्हणावे आणि जुळवलेल्याला जुळवलेले म्हणावे. त्याला खोटी वंशावळ जोडली की त्या मुलीची फसवणूक होते. तिने उद्या मोठेपणी कोश उघडला आणि आपल्या नावाचा म्हणून सांगितलेला अर्थ तिथे नाही हे तिला दिसले, तर तिला उत्तर द्यायला त्या यादीचा कर्ता येणार नाही.

आता तपती. महाभारताच्या आदिपर्वात चैत्ररथपर्व नावाचा भाग आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव पांचाल देशाकडे निघाले असताना रात्री गंगेच्या काठी अंगारपर्ण गंधर्व त्यांना अडवतो. अर्जुन त्याला युद्धात जिंकतो, पुढे दोघांत मैत्री होते, आणि बोलता बोलता तो गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ अशी हाक मारतो. अर्जुनाला ही हाक कळत नाही. तो विचारतो, ‘तपती नाम का चैषा’, म्हणजे जिच्यामुळे आम्ही तापत्य ठरलो ती ही तपती कोण? आम्ही तर कुंतीचे पुत्र, कौन्तेय. मग हे तापत्य काय आहे ते मला नीट सांग. मला हा प्रसंग संपूर्ण महाभारतातल्या फार सुंदर प्रसंगांपैकी एक वाटतो. एवढा मोठा धनुर्धर, पण स्वतःला लागलेल्या नावाचा उगम ठाऊक नाही हे तो मोकळेपणाने सांगतो, आणि नुसता गोड अर्थ ऐकून गप्प बसत नाही. त्याला ‘तत्त्व’ जाणून घ्यायचे आहे. ज्या याद्यांबद्दल मी वर लिहिले त्यांच्यासमोर आपण सर्वांनी विचारायला हवा तोच प्रश्न अर्जुन विचारतो आहे.

गंधर्वाने सांगितलेली कथा अशी. तपती ही विवस्वान सूर्याची कन्या, सावित्रीची धाकटी बहीण, आणि तिन्ही लोकांत तपासाठी प्रसिद्ध. ऋक्षाचा पुत्र संवरण हा पौरव वंशातला राजा सूर्याचा निस्सीम उपासक होता. शिकारीत त्याचा घोडा भूक-तहानेने मेला आणि तो डोंगरात पायी भटकू लागला, तेव्हा त्याला तपती दिसली. तो तिच्यावर मोहित होऊन तिला मागणी घालू लागला, तेव्हा तिने स्पष्ट सांगितले की मी स्वतःची मालक नाही, मला वडील आहेत. माझ्याविषयी प्रीती असेल तर त्यांच्याकडे माझी मागणी कर. एवढे बोलून ती निघून गेली आणि राजा जमिनीवर कोसळला. प्रधानाने त्याला सावध केले. मग राजाने सैन्य परत पाठवले, हात जोडून, तोंड वर करून तो सूर्याची आराधना करीत राहिला आणि मनोमन पुरोहित वसिष्ठांचे स्मरण करू लागला. बाराव्या दिवशी वसिष्ठ आले. तेच सूर्याकडे गेले, त्यांनी संवरणासाठी तपतीची मागणी केली आणि सूर्याने ती आनंदाने मान्य केली.

कथा इथे संपली असती तर ती एक प्रेमकथा झाली असती. पण पुढचा भाग दुष्काळ अनुभवलेल्या माणसाने वाचावा असा आहे. राज्य प्रधानावर सोपवून राजा तपतीबरोबर त्याच डोंगरात बारा वर्षे राहिला, आणि त्या बारा वर्षांत इंद्राने त्याच्या राज्यात पाऊस पाडला नाही. पिके गेली, माणसे घरदार सोडून दाही दिशांना गेली, भुकेने प्रेतवत झाली. तेव्हा वसिष्ठांनी राजाला तपतीसह नगरात परत आणले, आणि ती दोघे परतल्यावर पाऊस पूर्ववत पडू लागला. दुष्काळ तपतीमुळे पडला असे महाभारत कोठेही म्हणत नाही. राजाने प्रजेकडे पाठ फिरवली हे त्याचे कारण म्हणून कथेत उघड दिसते. या तपतीच्या पोटी कुरू जन्मला. कुरूवरून कौरव, कुरूवरून कुरुक्षेत्र. ज्या वंशाच्या युद्धाची गोष्ट आपण जन्मभर ऐकतो, त्या वंशाची मूळ आई ही, आणि तिचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

भागवत पुराणात तिची ओळख एका ओळीत येते आणि ती ओळ महाभारतापेक्षा किंचित वेगळी आहे: छायेला शनैश्चर, सावर्णी मनू आणि तपती ही अपत्ये झाली, आणि या तपतीने संवरणाला पती म्हणून वरले. महाभारतातली तपती ‘वडिलांना विचार’ म्हणते, भागवतातली वरते. दोन ग्रंथ, दोन परंपरा. आजच्या वाचकाला दुसरी जवळची वाटेल, पण पहिलीतली तपतीही दुबळी नाही. ज्या राजाने अनोळखी रानात गांधर्व विवाहाचा आग्रह धरला, त्याला ती शांतपणे रीतसर मार्ग दाखवते. आपल्या मुलीचे नाव तपती ठेवणाऱ्या आईबापांनी तिला या दोन्ही कथा सांगाव्यात आणि निवड तिच्यावर सोपवावी.

नावाच्या घडणीविषयी थोडे लिहिले पाहिजे. ‘तप्’ या धातूत तापणे, तळपणे आणि तप करणे हे सगळे अर्थ एकत्र नांदतात. सूर्याची कन्या म्हणून पहिले दोन अर्थ तिला जन्माने मिळाले. तिसरा तिने आचरणाने मिळवला, आणि महाभारताने तिच्या वर्णनात याच तिसऱ्यावर भर दिला आहे. पाणिनीच्या काटेकोर नियमाने या धातूचे वर्तमानकाळवाचक स्त्रीलिंगी रूप ‘तपन्ती’ व्हायला हवे, तरी विशेषनाम म्हणून ‘तपती’ हेच रूप ग्रंथांतून चालत आले आहे. तेव्हा कोणी व्याकरणाचा आक्षेप काढला तर त्याला आदिपर्व दाखवावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिथे असंख्य हस्तलिखिते ताडून मागाहून घुसलेला मजकूर वेगळा काढला आहे, तिथेही हे उपाख्यान मूळ संहितेत आहे. इतका भक्कम पुरावा असलेली मुलींची नावे आजच्या याद्यांत फार थोडी निघतील.

पुराणांत ही सूर्यकन्या नदी होते. तिची बहीण यमुना जशी नदी झाली तशीच तपती तापी झाली. विष्णुपुराणात तापी ऋक्ष पर्वतातून निघते असे सांगितले आहे. आज आपण तिचा उगम मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे दाखवतो, आणि मुलताई या गावाचे नावच ‘मूळ तापी’ असे सांगते. तिथून ७२४ किलोमीटर वाहत ती बुऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते, चांगदेव गावापाशी पूर्णेला भेटते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, गोमाई यांना पोटात घेत प्रकाशा या गावच्या घाटांवरून सुरतेकडे जाते. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीची जयंती साजरी होते. नदीला जन्मतिथी असावी आणि ती सूर्याच्या सप्तमी तिथीशी जुळावी, यात लोकांनी त्या कथेचे स्मरण किती नेमकेपणाने जपले आहे हे दिसते. सुरतेहून छपऱ्याला जाणारी ताप्ती-गंगा एक्सप्रेस आपल्याच नंदुरबार-जळगाववरून धावते. थायलंडच्या दक्षिणेत तर १९१५ साली राजा वजिरावुध यांनी एका नगराला सुरतेवरून नाव दिले आणि त्याच सुमारास तिथल्या नदीलाही तापी हे नाव मिळाले. समुद्रापलीकडच्या देशाने आपल्या नदीचे नाव हौसेने उचलले, आणि आपल्याला मात्र ते मुलीसाठी सुचत नाही.

सुचत नाही असे म्हणताना मी जपून बोलले पाहिजे, कारण एका पिढीपूर्वी ते सुचत होते. खानदेशात तापीराम आणि तापीबाई ही नावे अगदी रुळलेली होती. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांत ती आजही भेटतात. अमळनेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावी माझी एक जुनी विद्यार्थिनी माहेरी बाळंतपणाला आली होती, तेव्हा तिने मला नाव सुचवायला बोलावले. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, एवढाच माझा अधिकार. ओसरीवर तिचा भाऊ मोबाईलवरून एकेक नाव वाचत होता आणि ती नापसंत करीत होती. तेवढ्यात तिच्या वडिलांनी वारसनोंदीच्या कामासाठी काढून ठेवलेला शेताचा जुना उतारा खाटेवर आणून ठेवला. कागद घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी पडलेली. त्यावर बाळाच्या खापरपणजीचे नाव होते, तापीबाई. मी तिला आदिपर्वातली गोष्ट सांगितली आणि म्हटले की तुमच्या घरातल्याच नावाचे महाभारतातले रूप तपती आहे. ती विचारात पडली. पलीकडे पाळण्याची दोरी धरून बसलेली तिची आजी म्हणाली, ‘हाई ते तापीमायनं नाव शे, मंग इतलं काय धुंडी ऱ्हायनात?’ म्हणजे हे तर तापीमाईचेच नाव, मग इतके काय शोधताय? त्या घराने शेवटी कोणते नाव ठेवले हा त्यांचा खासगी विषय आहे. मला सांगायचे आहे ते त्या आजीविषयी. तिने कधी ग्रंथ उघडला नव्हता, पण तपती आणि तापी एकच हे तिला क्षणात कळले. आपण सुशिक्षितांनी ‘तापीबाई’ला गावठी ठरवून दूर लोटले आणि त्याच नावाचा पुरावा असलेल्या संस्कृतासाठी वणवण करू लागलो.

इथे एक गैरसमज होऊ नये. तपती हे तापीबाईपेक्षा श्रेष्ठ आहे असे मी म्हणत नाही. कोणाला मुलीचे नाव सरळ ‘तापी’ ठेवायचे असेल तर मला अधिक आनंद होईल. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा घरांतली नावे, कानबाई-रानुबाईच्या उत्सवातून आलेली नावे, यांनाही संस्कृताचा शिक्का लागण्याची गरज नाही. त्यांचा उगम त्यांच्या लोकांना ठाऊक आहे आणि तेवढे पुरे आहे.

तपती या नावावर लोक आक्षेप घेतात तेही मी ऐकले आहेत. पहिला असा की खानदेशात आधीच मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, त्यात मुलीचे नाव ‘तापणारी’ कशाला. मुलगी तापट निघेल. भुसावळ-जळगावचा उन्हाळा मी जन्मभर सोसला आहे, त्यामुळे या आक्षेपामागची भावना मला कळते. पण ज्वाला, दीप्ती, तेजस्विनी, प्रभा ही नावे आपण ठेवतोच, आणि त्या सर्वांचे मूळ उष्णतेत व प्रकाशात आहे. शिवाय तपतीच्या कथेत तिचे नगरात येणे आणि पाऊस परतणे एकाच वेळी घडते. उन्हाच्या मुलुखात पावसाशी जोडलेले नाव याहून कोणते हवे?

दुसरा आक्षेप, ती शनीची बहीण. हा ज्योतिषाची धास्ती घेतलेल्या घरांत हमखास निघतो. पण यमुना ही यमाची बहीण आहे, आणि मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींची नावे यमुना ठेवली, यमू म्हणून लाडाने हाका मारल्या. यमद्वितीया तर भाऊबहिणीच्या प्रेमाचा सण झाली. मृत्यूच्या देवाची बहीण चालते तर शनीची का चालू नये?

तिसरा आक्षेप विद्वत्तेचा असतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेली मुलगी लग्नासाठी निवडू नये असे म्हटले आहे, हे खरे आहे. परंतु हा नियम महाराष्ट्राने कधी मानलाच नाही. गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, सिंधू, सरस्वती या नावांच्या सुना आणि सासवा घराघरांत होऊन गेल्या. रोहिणी, रेवती, तुळसा यांचीही कमतरता नाही. समाजाने शहाणपणाने बाजूला ठेवलेला नियम नेमका तापीच्या वेळी पुढे करण्यात अर्थ नाही. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे सांगितले आहे. गृह्यसूत्रांत मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत असे आहे. तपती या सगळ्यात बसते. मला स्वतःला यातली एकच अट आजच्या काळात महत्त्वाची वाटते आणि ती म्हणजे अर्थ स्पष्ट असण्याची.

हिंदीत ‘तपती धूप’ असे नेहमी बोलले जाते, त्यामुळे सीमेलगतच्या भागात वर्गातली मुले चिडवतील ही शंका मात्र मी खोडून काढणार नाही. ती रास्त आहे. ज्यांना ती जड वाटेल त्यांनी तापी हे रूप घ्यावे.

या नावाचे मला वाटणारे सर्वांत मोठे मोल अजून सांगायचे आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक केला. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो, आणि त्याला ‘आपल्यात असे नव्हते’ म्हणून नाक मुरडणारे लोक आपल्या गावांत आहेत हेही मी पाहतो. त्यांना तापत्य ही हाक ऐकवावी. त्या एका संवादात अर्जुन स्वतःला आईवरून कौन्तेय म्हणवतो आणि गंधर्व त्याला कित्येक पिढ्या मागे गेलेल्या मूळ मातेवरून तापत्य म्हणतो. पार्थ हेही आईचेच नाव, कारण कुंती ती पृथा. आईवरून ओळख सांगणे हे आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाला कमीपणाचे वाटले नाही.

खानदेशातच याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. चाळीसगावजवळ पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचे नोंदले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्रिविक्रमापासून भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशी त्या कुळाची नामावली त्यात आहे. शतकानुशतके टिकलेली विद्वानांची ही यादी वाचताना अभिमान वाटतो, आणि तिच्यात या सर्वांना जन्म देणारी एकही स्त्री नाही हेही खटकते. ज्या भास्कराचार्यांच्या गणिताच्या ग्रंथाला ‘लीलावती’ हे बाईचे नाव आहे, त्यांच्या आईचे नाव त्या दगडावर नाही. आता कागदावर आईचे नाव येऊ लागले आहे. तिथे तपतीसारखे, जिच्यावरून वंश ओळखला गेला तिचे नाव, मुलीला देणे मला फार समर्पक वाटते.

आता जबाबदारीविषयी. शासनाने नावांवर नियंत्रण ठेवावे असे मी मुळीच सुचवत नाही. ग्रामसेवकाने किंवा नगरपालिकेच्या कारकुनाने नावाचा अर्थ तपासत बसावे ही कल्पनाही नको. काम अभ्यासकांचे आणि ग्रंथालयांचे आहे. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे, आणि ज्यांच्या स्मरणार्थ ते उभे आहे त्या राजवाड्यांनी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी आयुष्य वेचले. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, मराठीचे विभाग असलेली महाविद्यालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांनी मिळून खानदेशातल्या व्यक्तिनामांचा एक संग्रह करावा: ग्रंथांतली नावे ग्रंथ आणि अध्याय यांच्या निर्देशासह, लोकांतली नावे ती कोणत्या भागात आणि कोणत्या घरांत चालत आली याच्या नोंदीसह, आणि परभाषेतली नावे त्यांच्या खऱ्या भाषेसह. शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांत या कामाचे सोने पडून आहे. ती रजिस्टरे वाळवी लागण्याच्या आत वाचली जावीत. हा संग्रह मोबाईलवर विनामूल्य मिळाला पाहिजे, कारण आईबाप शोधायला तिथेच जाणार आहेत आणि खऱ्या गोष्टीने तिथेच त्यांची वाट पाहिली पाहिजे.

आईबापांना घाईचेही कारण नाही, हे फार लोकांना ठाऊक नसते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते आणि पुढे विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. बाराव्या दिवशी फुईने, म्हणजे आत्याने, कानात कुर्र करून सांगितलेले नाव तसेच्या तसे दुसऱ्या दिवशी कार्यालयात नेण्याची सक्ती कोणी केलेली नाही. ते नाव काही आठवडे घरात वापरून पाहावे, मूळ ग्रंथ मिळवून वाचावा, जाणकाराला विचारावे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांचा आधार झाला आहे, म्हणून त्यावर नाव चढवताना अक्षरे नीट पाहावीत. तपती ठेवणार असाल तर देवनागरीत ‘त’ला काना नाही, ‘प’ पूर्ण आहे आणि ‘ती’ दीर्घ आहे हे संगणकाच्या पडद्यावर स्वतः वाचून घ्यावे, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये पी या अक्षरानंतरचा ए गळला तर पुढे सगळीकडे ‘ताप्ती’ असेच वाचले जाईल, हे सही करण्यापूर्वी कारकुनाच्या लक्षात आणून द्यावे.